पोक्सोच्या प्रकरणात कुटुंबासोबत: नाशिक जिल्ह्यात सपोर्ट पर्सनचे काम कसे चालते

विचारणा अशी आहे: समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण झाले आहे, राहणे नाशिकला आहे आणि लैंगिक अत्याचार झालेल्या मुलांच्या कुटुंबांसोबत सपोर्ट पर्सन म्हणून, म्हणजे तपास आणि खटल्याच्या काळात साथ देणारी व्यक्ती म्हणून, काम करायचे आहे. रोजचे काम नेमके काय असते, हद्द कुठे संपते आणि घोटाळे कुठे होतात?

आधी कायद्याची चौकट थोडक्यात. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ म्हणजे पोक्सो. त्याच्या २०२० च्या नियमांनुसार बाल कल्याण समिती (मुलांच्या काळजी-संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्याची वैधानिक समिती) मुलाच्या आणि पालकांच्या संमतीने सपोर्ट पर्सन नेमते. नेमणूक झाल्यावर पोलिसांनी २४ तासांत विशेष न्यायालयाला तसे लेखी कळवायचे असते. कुटुंबाला तुम्ही नको असाल तर ते कारण न देता तुम्हाला थांबवू शकतात आणि त्याचे वाईट वाटून घ्यायचे नाही. खटला संपेपर्यंत मुलाच्या तब्येतीचा, मनःस्थितीचा, घरच्या परिस्थितीचा आणि शाळेचा मासिक अहवाल समितीला द्यावा लागतो. सपोर्ट पर्सन मिळू शकते ही माहिती प्रत्येक प्रकरणात पालकांना दिलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही पुष्कळ कुटुंबांना ती गुन्हा दाखल होऊन महिना उलटल्यावर कळते. म्हणून पोलीस ठाण्यातून ‘नमुना अ’, म्हणजे मुलाच्या हक्कांचा कागद, मिळाला का हे पहिल्याच भेटीत विचारा. मिळाला नसेल तर मागून घ्या आणि मोठ्याने वाचून दाखवा.

तुम्ही वकील नाही, पोलीस नाही आणि त्या प्रकरणापुरते समुपदेशकही नाही. तुमच्याकडे दोन कामे आहेत. मुलाला तीच गोष्ट कमीत कमी वेळा सांगावी लागावी आणि पुढच्या पायरीला काय होणार हे कुटुंबाला आदल्या दिवशी माहीत असावे. पुढे जे लिहिले आहे ते सगळे या दोन कामांसाठीच आहे.

पहिल्या भेटीत घटनेबद्दल विचारू नका. हे नव्या माणसाला सर्वांत अवघड जाते, कारण ऐकल्याशिवाय मदत कशी करणार असे वाटते. पण तोपर्यंत मुलाने आईला सांगितलेले असते, आईने मावशीला, मावशीसमोर पुन्हा मुलाने, मग ठाण्यात. प्रत्येक वेळी शब्द थोडे बदलतात आणि तेच बदल पुढे उलटतपासात विसंगती म्हणून समोर येतात. मूल आपणहून बोलले तर थांबवू नका, फक्त ऐका. नंतर त्याचेच शब्द, तारीख, वेळ आणि तेव्हा कोण हजर होते एवढे लिहून ठेवा. तुमचे मत, अंदाज, निष्कर्ष त्या वहीत नकोत. ती वही न्यायालयात मागवली जाऊ शकते आणि तुम्हाला साक्षीला बोलावले जाऊ शकते, हे धरूनच प्रत्येक ओळ लिहा. वहीवर आणि फाइलवर मुलाचे नाव नको, एखादा क्रमांक पुरे. मुलाचा फोटो फोनमध्ये ठेवू नका. ओळख उघड करणे हा पोक्सोखाली गुन्हा आहे आणि ती सर्वांत आधी फुटते गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर.

गोपनीयतेची मर्यादाही पहिल्याच भेटीत सांगून टाका. “तुमची गोष्ट मी बाहेर सांगणार नाही, पण आणखी एखाद्या मुलाला धोका आहे असे कळले तर मला पोलिसांना कळवावेच लागेल,” असे सरळ सांगा. गुन्ह्याची माहिती असून न कळवणे हाही कायद्याने अपराध आहे. हे उशिरा सांगितले तर विश्वास तुटतो आणि तुटलेला विश्वास परत जुळत नाही.

आईवडिलांशी वेगळे बोला. मुलासमोर “आधी का नाही सांगितलंस?” हा प्रश्न कुणीही विचारायचा नाही, हे ठामपणे सांगा. मुलाला त्याचा अर्थ “चूक तुझी” असाच ऐकू येतो. त्याऐवजी “सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझा काही दोष नाही” हे वाक्य घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने किमान एकदा म्हणावे. वडील किंवा काका आरोपीला मारायला निघतात तेव्हा त्यांना सांगा की उलट गुन्हा दाखल झाला तर आरोपीचा वकील पहिल्या दिवसापासून ‘जुन्या वैरातून खोटी केस’ असे म्हणणार. बाधित मूल मुलगा असेल तर घर जास्त गप्प होते. कायदा मुलगा-मुलगी फरक करत नाही आणि उपचारही दोघांना सारखेच लागतात, हे वडिलांना समजावण्यात एक अख्खी भेट गेली तरी ती वाया गेलेली नसते.

आता फिर्याद. घटना सुरगाण्यात घडली आणि मूल नाशिकच्या सिव्हिलला आणले, तर नाशिकच्या ठाण्याने शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून पुढे पाठवायचा असतो. “तुमच्या हद्दीत जा” हे उत्तर स्वीकारायचे नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल त्या जागी घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाशिवाय. रात्री मुलाला ठाण्यात थांबवता येत नाही. फिर्यादीची प्रत मोफत मिळते, ती त्याच दिवशी घ्या.

जबाबात सर्वांत जास्त नुकसान दोन ठिकाणी होते. एक म्हणजे भाषा. मूल म्हणते “शूच्या जागेवर हात लावला” आणि कागदावर येते “अश्लील वर्तन केले”. अशा गुळगुळीत शब्दांनी गुन्ह्याचे कलमच बदलू शकते. मुलाचे शब्द जसेच्या तसे अवतरणात लिहावेत अशी विनंती करा. पेठ, सुरगाण्याकडे कोकणा बोलणारे मूल असेल, बागलाण-कळवणात अहिराणी बोलणारे असेल किंवा मालेगावात उर्दू बोलणारे असेल, तर दुभाषी मागण्याचा हक्क आहे. नात्यातला दुभाषी घेऊ नका. मूक-बधिर किंवा मतिमंद मुलासाठी विशेष शिक्षक मागता येतो आणि त्यांची नोंदवही जिल्हा बाल संरक्षण कक्षाने ठेवायची असते.

दुसरे नुकसान तारखेचे. नऊ वर्षांच्या मुलीला तारीख सांगता येत नाही, मग लिहिणारा अंदाजाने ‘१५ जानेवारी’ टाकतो आणि दोन वर्षांनी बचाव पक्ष त्या दिवशी आरोपी बाहेरगावी असल्याचा पुरावा आणतो. मुलाला काळ कळतो तो खुणांनी: पोळ्याच्या आदल्या दिवशी, सहामाही परीक्षा चालू होती तेव्हा, सप्तशृंगीच्या चैत्री यात्रेहून आल्यावर, द्राक्षाची काढणी चालू असताना. जबाबात त्या खुणाच लिहाव्यात आणि तारखेऐवजी ‘सुमारे’ असावे. हे सुचवणे हे शिकवणे नव्हे. पण सुचवायचे ते अधिकाऱ्याला, मुलाच्या कानात नाही. कोणती खूण हे मुलानेच सांगायचे.

वयाचा कागद लगेच गोळा करा, कारण पोक्सो लागू होतो तो वय १८ च्या खाली आहे म्हणून. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा महापालिकेचा जन्मदाखला आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, असा क्रम बाल न्याय अधिनियमात दिला आहे. पाड्यावर घरी बाळंतपण झालेले असते, जन्मनोंद नसते आणि शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून टाकलेली असते. बचाव पक्षाला ही सवय माहीत असते. म्हणून शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, प्रवेशाच्या वेळी पालकांनी दिलेला कागद आणि अंगणवाडीतली लसीकरणाची नोंद, जे मिळेल ते तपास अधिकाऱ्याकडे पोचवा. सतरा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात खटला बहुधा याच कागदावर उभा राहतो किंवा कोसळतो.

वैद्यकीय तपासणीत वेळ सर्वांत मोलाचा. अंगावरचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत मिळू शकतात, पण आंघोळ, लघवी, कपडे बदलणे यांनी ते झपाट्याने कमी होतात. घटनेच्या वेळचे कपडे धुवू नयेत, ओले असतील तर सावलीत वाळवून कागदी पिशवीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळावेत. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, बुरशी येते आणि नमुना वाया जातो. कपडे आधीच धुतले असतील तरी फेकू नका, ते पोलिसांना द्या. फिर्याद झाली नसली तरी तपासणी आणि उपचार करता येतात. आधी पोलिसांचे पत्र आणा, असे रुग्णालय म्हणू शकत नाही. खासगी रुग्णालयानेही उपचार मोफत द्यायचे आहेत. मुलीची तपासणी महिला डॉक्टरने करायची आणि आई किंवा मुलीच्या विश्वासाचे माणूस जवळ असायला हवे. बारा वर्षांवरील मुलाची स्वतःची संमती लागते. त्याने तपासणीला नकार दिला तरी उपचार थांबवता येत नाहीत. ‘टू फिंगर टेस्ट’ (योनीत दोन बोटे घालून केलेली तपासणी) करणे हे गैरवर्तन आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सांगितले आहे. अहवालात तसा उल्लेख दिसला तर सरकारी वकिलांच्या नजरेस आणा.

ग्रामीण रुग्णालयात महिला डॉक्टर नाही म्हणून मुलीला त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात पाठवतात. पाठवायला हरकत नाही, पण निघण्यापूर्वी गर्भनिरोधक गोळी दिली का ते विचारा. ती ७२ तासांत, जितकी लवकर तितकी चांगली. पाच दिवसांपर्यंत काही उपयोग होतो, पण भरवसा कमी. एचआयव्ही प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आतच सुरू व्हावे लागते आणि सलग २८ दिवस घ्यावे लागते. इथे चूक ठरलेली: पहिल्या आठवड्याच्या गोळ्या मिळतात, मळमळ होते, पुढच्या आणायला कुणी जात नाही. तुमच्या वहीत आठव्या, पंधराव्या आणि बाविसाव्या दिवशी फोन करण्याची नोंद हवी. गर्भ तपासणी पहिल्या दिवशी ‘नाही’ आली तरी तीन आठवड्यांनी परत करायची. पोट दिसेपर्यंत कुणाच्या लक्षात आले नाही अशा प्रकरणांत दिवस मोजत बसावे लागते. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या आणि चोविसापर्यंत दोन डॉक्टरांच्या मतावर गर्भपात होतो. त्यापुढे मुंबई उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील त्याच दिवशी मागा. गर्भपात झाला तर डीएनएसाठीचा नमुना फॉर्मॅलिनमध्ये जात नाही ना याची आठवण तपास अधिकाऱ्यामार्फत डॉक्टरांना द्या, कारण फॉर्मॅलिनने डीएनए खराब होतो.

दंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब हा वेगळा टप्पा. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ चा जबाब होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १८३. बोलीत अजून सगळे ‘एकशे चौसष्ट’च म्हणतात, तेव्हा दोन्ही आकडे लक्षात ठेवा. आरोपीचा वकील तिथे नसतो. मुलाला एवढेच सांगा की एक साहेब किंवा मॅडम ऐकून लिहून घेतील, घाई नाही, पाणी मागता येते.

पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचे असते. आरोपी त्याच घरात राहत असेल तर मुलाला समितीसमोर आणायचेही असते आणि मूल घरी राहावे की बाहेर, हे समितीने तीन दिवसांत ठरवायचे असते. इथे आईवडील घाबरलेले असतात. त्यांच्या डोक्यात उंटवाडीचे ‘रिमांड होम’ असते, मुलीला कोंडून ठेवतील असे वाटते आणि त्या भीतीने ते माहिती लपवतात. खरी गोष्ट सांगा: समिती आधी मुलाचे स्वतःचे मत, आईची क्षमता आणि घरातला धोका पाहते. माझे स्पष्ट मत असे की शक्य तिथे आरोपीला घराबाहेर काढण्याचा मार्ग धरावा, मुलाला नाही. जामिनावर आलेला बाप किंवा सावत्र बाप घरात परतणार असेल, तर आईच्या नावाने कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली त्याला घरात येण्यास मनाई करणारा आदेश मागता येतो. संरक्षण अधिकाऱ्याकडे हा अर्ज मोफत भरला जातो. मुलाला संस्थेत ठेवले की शाळा, मैत्रिणी, भावंडे सगळे एकदम सुटते आणि महिन्याभरात ते म्हणू लागते, “मी सांगायलाच नको होतं.”

आरोपी कमावता असेल तर पहिल्या आठवड्यात चूल पेटण्याचा प्रश्न येतो आणि साक्ष फिरण्याची सुरुवात तिथूनच होते. अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी समिती विशेष साहाय्याची शिफारस करू शकते आणि शिफारस पोचल्यापासून आठवड्यात ती रक्कम द्यायची असते. हा नियम फार कमी वापरला जातो, कारण कुणी अर्जच करत नाही. अर्ज एका पानाचा पुरतो: कुटुंबात किती माणसे, कमाई कुणाची होती, आता काय नाही. दुसरे साधन मनोधैर्य योजना. ती २०१३ पासून महाराष्ट्रात आहे, आता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत चालते, कार्यालय सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात. गंभीर प्रकरणात १० लाखांपर्यंत साहाय्य होऊ शकते. विशेष न्यायालयाकडे अंतरिम भरपाईही मागता येते आणि ती मागायला निकालाची वाट पाहावी लागत नाही. आरोपी सुटला किंवा सापडलाच नाही तरी भरपाईची शिफारस होऊ शकते. मूल अनुसूचित जाती-जमातीचे आणि आरोपी त्या समाजाबाहेरचा असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम लागले का ते फिर्यादीतच तपासा. त्याचे अर्थसाहाय्य वेगळे असते आणि ते समाजकल्याण कार्यालयाकडून, म्हणजे नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनातून, टप्प्याटप्प्याने मिळते. तिथे अडतो तो जातीचा दाखला. पहिल्याच आठवड्यात तहसीलचा अर्ज सुरू करा.

कुटुंबाकडून एक रुपयाही घेऊ नका, चहासुद्धा बेताने. सपोर्ट पर्सनचे मानधन राज्याने द्यायचे आहे, कुशल कामगाराच्या किमान वेतनाच्या हिशेबाने. ते उशिरा येते हे धरून चाला.

जामिनाच्या टप्प्यावर कुटुंब गाफील सापडते. जामीन अर्जाची सूचना मुलाच्या कुटुंबाला मिळाली पाहिजे आणि त्यांचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले आहे. प्रत्यक्षात ठाण्यातून फोन येतो, “येऊन सही करून जा.” सही करण्यापूर्वी संपूर्ण कागद वाचा, ‘हरकत नाही’ असे कुठे छापलेले नाही ना ते पाहा आणि सुनावणीला सरकारी वकिलांकडे लेखी म्हणणे द्या. त्यात भावना नको, माहिती हवी: आरोपीचे घर मुलाच्या घरापासून किती अंतरावर, शाळेचा रस्ता कुठून, कुणी काय धमकी दिली आणि कधी. जामीन झालाच तर अटींची प्रत घ्या. ‘गावात प्रवेश नाही’ अशी अट असूनही आरोपी आठवडे बाजारात दिसतो. अट माहीत असेल तरच तक्रार करता येते.

मुलांसाठी वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. खासगी वकील हवाच असेल तर कुटुंब तो देऊ शकते, पण खटला चालवतात विशेष सरकारी वकील. दोघांत मेळ नसेल तर त्रास मुलाला होतो.

यानंतर मोठा रिकामा काळ येतो. तपास दोन महिन्यांत पुरा करावा, न्यायालयाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष व्हावी आणि खटला शक्यतो वर्षात संपावा, असे कायद्यात आहे. कुटुंबाला हे आकडे सांगा, पण वेळ त्याहून जास्त लागतो हेही सांगा, नाहीतर पहिल्याच वर्षी त्यांचा धीर सुटतो. सिंहस्थासारखा बंदोबस्त लागला की तपास अधिकारी महिनोन्महिने दुसरीकडे असतात. २०२७ चे पर्व डोळ्यांसमोर ठेवून ज्यांचे पुरवणी जबाब बाकी आहेत त्यांच्या मागे आत्ताच लागा. खटल्याचा १६ अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक मिळाला की ई-कोर्ट्स ॲपवर तारीख आणि रोजनामा (त्या दिवशी न्यायालयात काय झाले याची नोंद) दिसतो. प्रत्येक तारखेनंतर त्याच संध्याकाळी कुटुंबाला फोन करा, ‘आज काही झाले नाही’ हे सांगायलासुद्धा. जिथे फोन बंद होतो तिथे तडजोडवाले आत शिरतात.

समन्स हा वेगळाच घोळ. दिवाळीनंतर पेठ-सुरगाण्याची कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या बागांवर कामाला उतरतात, काही वीटभट्टीवर जातात आणि होळीला परततात. समन्स मूळ पाड्यावर जाते, ‘मिळून आले नाहीत’ असा शेरा लागतो आणि दोन-तीन तारखांनंतर साक्षीदार टाळतो आहे असे चित्र उभे राहते. कुटुंब हलले की नवा पत्ता आणि मालकाचा फोन पैरवी अधिकाऱ्याला (न्यायालयातले काम पाहणाऱ्या पोलिसाला) द्या. मुलगी दरम्यान सज्ञान होऊन तिचे लग्न झाले असेल, तर सासरी पोलीस दारात उभा राहणे तिला परवडणारे नसते. साध्या वेशात किंवा तुमच्यामार्फत समन्स द्यावे अशी विनंती आधीच लेखी करून ठेवा. कित्येक घरांत ‘बदनामी झाली’ म्हणून चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचे लग्नच उरकायला निघतात. तसे कानावर आले तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर कळवा. गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. त्या घराशी तुमचे संबंध ताणले जातील, तरी कळवायचेच.

तडजोडीचा दबाव भावकीतून येतो: “मिटवून टाका, पोरीच्या नावावर जमीन करून देतो.” पोक्सोचा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. तडजोड झाली म्हणून खटला रद्द करणारा उच्च न्यायालयाचा आदेशही सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये बाजूला सारला. जात पंचायतीने वाळीत टाकले तर त्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे. धमकी आली की तोंडी सांगत बसू नका, तारीखवार लेखी तक्रार ठाण्यात द्या आणि त्याची प्रत सरकारी वकिलांना द्या. साक्षीदार संरक्षणाचा अर्जही जिल्हा न्यायालयात करता येतो.

या काळात मुलाची झोप, खाणे आणि शाळा यांवर नजर ठेवा. अंथरूण ओले करणे, अंगावर ओरखडे काढणे, एकाच वाटेने जायला नकार ही मदत मागण्याचीच रीत आहे. समुपदेशन साक्ष होईपर्यंत थांबवावे असा एक गैरसमज फिरतो. थांबवू नका. फक्त समुपदेशकाला खटला चालू आहे हे माहीत असावे. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चालतो. शाळा बदलायची असेल तर समितीच्या पत्राने बदला आणि त्या पत्रात कारण लिहू देऊ नका. मुख्याध्यापकांना प्रवेश द्यायला कारण लागत नाही.

साक्षीची तयारी हा या कामाचा कस. तयारी जागेची करायची, जबाबाची नाही. आठ-दहा दिवस आधी, न्यायालय रिकामे असताना, सरकारी वकिलांशी ठरवून मुलाला ती खोली दाखवा: न्यायाधीश कुठे बसतात, टंकलेखक कोण, पडदा किंवा व्हिडिओची सोय कुठे आहे. आरोपी त्याला दिसणार नाही याची व्यवस्था करणे न्यायालयाचे काम आहे आणि सुनावणी बंद दाराआड होते. गुन्हा कुठल्या तालुक्यातला यावर ती नाशिकला, निफाडला की मालेगावला हे ठरते, म्हणून जागा नक्की करून मगच मुलाला दाखवा. मुलाला चार वाक्ये पाठ नव्हे, पण ओळखीची असू द्या: “मला आठवत नाही”, “मला प्रश्न कळला नाही”, “मला थांबायचं आहे” आणि “तसं झालं नव्हतं”. आधी दिलेला जबाब वाचून दाखवणे, उत्तरे दुरुस्त करणे, काय म्हणायचे ते सुचवणे यांतले काहीही तुम्ही करायचे नाही. ते सरकारी वकील त्यांच्या पद्धतीने पाहतील. उलटतपासात हमखास विचारतात, “या मॅडमनी तुला शिकवलं ना?” मूल गोंधळते, कारण मॅडमनी खरोखर काहीतरी सांगितलेले असते. म्हणून आधीच सांगा की मी तुला काय सांगितले हे कुणी विचारले तर तेही जसेच्या तसे सांग, लपवायचे काही नाही. तुमचे वागणे त्या उत्तराला पुरे पडेल इतके स्वच्छ हवे.

त्या दिवशी सुरगाण्याचे कुटुंब नव्वदेक किलोमीटर एसटीने येते. पहाटे उपाशी निघालेले मूल दुपारी बाराला बोलू शकत नाही. डबा, पाणी, चित्रकलेची वही, बदलायचे कपडे सोबत घ्या. आरोपीचे नातेवाईक फाटकाशी आणि जिन्यात उभे राहतात, म्हणून येण्याची वेळ आणि दार पैरवी अधिकाऱ्याशी ठरवा. लहान मुलाची साक्ष दिवसाची पहिली घ्यावी, असा अर्ज सरकारी वकिलांनी आधी दिला तर बहुतेक वेळा मान्य होतो. प्रश्न न्यायाधीशांमार्फत विचारावेत, दरडावणारे प्रश्न नसावेत, मधे सुट्या द्याव्यात, मुलाला पुन्हा पुन्हा बोलावू नये, हे सगळे कायद्यात आहे. पण खोलीत उठून हरकत घेण्याचा अधिकार तुम्हाला नाही. मूल थकल्याची खूण सरकारी वकिलांशी आधी ठरवून ठेवा. प्रवास आणि बुडालेली मजुरी यासाठी साक्षीदार भत्ता असतो, त्याची मागणी त्याच दिवशी करा.

मुलाने साक्ष फिरवली तर त्याच्यावर रागावू नका. खोटे बोलल्याबद्दल मुलाला शिक्षा होत नाही. बहुतेक वेळा घरातला भाकरीचा, लग्नाचा किंवा भीतीचा प्रश्न कुणी सोडवलेला नसतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या पळून जाण्याच्या प्रकरणांत तर ती तुम्हालाच विरोधक समजते. कायदा वय १८ धरतो, तिचे मन वेगळे सांगते. तिथे तिचे म्हणणे समितीपुढे तिच्याच शब्दांत ठेवणे आणि मारहाण किंवा जबरीच्या लग्नापासून तिला वाचवणे एवढे तरी तुमच्या हातात असते.

निकालाच्या दिवशी प्रत घ्या. सुटका झाली, कमी कलम लागले किंवा भरपाई अपुरी असेल तर पीडिताला अपील करता येते. मुदत चुकू नये म्हणून विधी सेवा वकिलांना त्याच आठवड्यात भेटा. मनोधैर्यच्या रकमेचा मोठा भाग मुदत ठेवीत जातो. खाते कुणाच्या नावाने उघडले, पालक म्हणून सही कुणाची आणि पावती कुणाच्या पेटीत, हे तपासा. पालकच आरोपीच्या बाजूचा असेल तर समितीकडून दुसरा पालक ठरवून घ्या.

सुरुवातीसाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षात नाव नोंदवा. पदवी, अनुभवाचे पत्र आणि पोलीस पडताळणी यांच्या प्रती सोबत न्या, कोणत्या भाषा-बोली येतात हे अर्जात ठळक लिहा आणि कोणत्या तालुक्यांत जाऊ शकता तेही. तुमच्या पात्रतेला ती भूमिका खुली आहे. पहिले काही महिने अनुभवी सपोर्ट पर्सनचे कागदी काम सांभाळा: अर्ज, तारखा, समन्स, सिव्हिलचे फेरे. मुलासमोर मात्र शिकाऊ म्हणून दुसरा अनोळखी माणूस वाढवू नका. एका वेळी झेपतील तेवढीच कुटुंबे घ्या. एकाच आठवड्यात दोन साक्षी आल्या तर दोन्हीकडे हजर राहता येत नाही आणि ज्या मुलाला तुम्ही येणार असे सांगितले होते ते दारातच थांबते.